पदराआडची गाठ

व्यापारी घराण्यात हिशेब लपविण्याला स्थान नसते. दिवसाची रोकड जुळल्याखेरीज गल्ल्याला कुलूप लागत नाही आणि पाच-दहा रुपयांचा फरक आला तरी दिवाणजी पुन्हा पहिल्या पानापासून बेरीज धरतात. तथापि, त्याच घराच्या माजघरात एक खाते असे असते की त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. ते खाते घरातील स्त्रीच्या शरीराचे होय. गुडघा दुखतो, तो चालता चालता बरा होईल. चक्कर येते, ती उन्हाची असेल. पाठ धरते, ती वयाची असेल. अशा नोंदी मनातच होतात आणि मनातच खोडल्या जातात. त्यातही स्तनात गाठ लागली तर ती गोष्ट मनात उच्चारण्याचीसुद्धा चोरी होते.

सांगलीच्या बाजारपेठेत हळद आणि भुसार मालाची अडत असलेल्या एका कुटुंबात असेच घडले. या कुटुंबातील थोरल्या वहिनींचे वय तेव्हा सत्तेचाळीस होते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी स्नान करताना त्यांच्या हाताला उजव्या बाजूस सुपारीएवढी, टणक, बोटाखाली सरकणारी गाठ लागली. त्यांनी हात काढून घेतला, थोड्या वेळाने पुन्हा लावून पाहिला, आणि लुगडे नेसून त्या तिळगुळाच्या तयारीला लागल्या. त्या दिवशी घरात चौदा माणसे जेवली. त्यांतील एकालाही काही कळले नाही.

न सांगण्याची कारणे त्यांच्यापाशी तयार होती, आणि ती त्यांना स्वतःला पूर्णपणे पटलेलीही होती. पहिले कारण हंगामाचे. नव्या हळदीची आवक सुरू होण्याचे ते दिवस. सौदे सुरू झाले की यजमानांना जेवायला बसायची उसंत नसते. अशा वेळी दवाखान्याचे प्रकरण काढायचे कसे? दुसरे कारण असे की गाठ दुखत नव्हती. जे दुखत नाही ते गंभीर नसते, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. वस्तुतः या बाबतीत ती उलट दिशेने फसवते, कारण कर्करोगाची गाठसुद्धा सुरुवातीला बहुधा दुखत नाही. न दुखणे हा दिलासा नव्हे. तो केवळ अनिश्चिततेचा एक भाग असतो.

तिसरे कारण मात्र सर्वांत खोल होते. थोरल्या मुलीचे लग्न ठरत आले होते. कोल्हापूरचे स्थळ, माणसे समजूतदार, मुलगा सनदी लेखापाल. साखरपुड्याची तारीख निघायची होती. "त्यांच्या घरात तसला आजार आहे," असे एक वाक्य एका कानातून दुसऱ्या कानात गेले तर काय होते, हे वहिनींनी आपल्या नात्यात पाहिले होते. आईचा आजार मुलीच्या पत्रिकेला चिकटतो. त्यामुळे त्या गाठीकडे त्या स्वतःचे दुखणे म्हणून पाहतच नव्हत्या. ती त्यांना मुलीच्या वाटेतील दगडासारखी वाटत होती, आणि तो दगड पदराआड झाकून ठेवणे हेच आईचे कर्तव्य, असे त्यांनी ठरवून टाकले होते.

घरात हळदीला तोटा नव्हता. रात्री सर्व झोपल्यावर त्या उगाळलेल्या हळदीचा लेप लावीत, वर कापड गरम करून शेकत, आणि पहाटे सर्वांच्या आधी उठून पिवळे डाग धुऊन टाकीत. दोन महिने हा क्रम चालला. गाठ विरघळली नाही. पुढे ती लिंबाएवढी झाली आणि त्या बाजूचा उंचवटा चोळीतून जाणवू लागला. तेव्हा ती पाहिली सासूबाईंनी. त्यांनी काही विचारले नाही. दुपारी दार लावून घेतले, सुनेचा हात धरून तिला पलंगावर बसविले आणि एवढेच म्हणाल्या, "किती दिवस झाले?"

वहिनींनी महिने सांगितले. पाच. त्या पाच महिन्यांत त्या किती वेळा रात्री उठून बसल्या होत्या, हे त्यांनी त्या दिवशी प्रथमच कुणाला सांगितले.

गावातील परिचयाच्या स्त्री-डॉक्टरांनी तपासून त्यांना मिरजेच्या शल्यचिकित्सकांकडे पाठविले. गाठीची तपासणी तीन अंगांनी होते, हे तेथे त्यांना समजले. पहिले अंग डॉक्टरांच्या हाताचे. दुसरे यंत्राच्या प्रतिमेचे, म्हणजे मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीचे. आणि तिसरे सुईने काढलेल्या तुकड्याचे. तिन्हींची साक्ष एकमेकींशी जुळली तर निदानावर भरवसा ठेवता येतो. एक जरी साक्ष वेगळी निघाली तर पुढे जाऊन शहानिशा करावी लागते. शल्यचिकित्सक पुरुष होते. परंतु तपासणीच्या वेळी परिचारिका शेजारी उभी राहील, हे त्यांनी आपण होऊन सांगितले. रुग्णाने तशी मागणी करावी, तिच्यात संकोचण्यासारखे काही नाही, असेही ते म्हणाले. ज्या संकोचासाठी पाच महिने गेले, तो दोन वाक्यांत दूर झाला.

खरी घबराट उडाली ती प्रतिमांचा अहवाल हाती आल्यावर. अहवालाच्या शेवटी 'बायरॅड्स ४ ए' असे लिहिले होते. धाकट्या मुलाने चाराचा आकडा वाचला आणि तो पांढराफटक पडला. त्याने आजवर 'चौथा टप्पा' एवढेच ऐकले होते. मिरजेहून सांगलीपर्यंतच्या वाटेत गाडीत कुणीही बोलले नाही. वास्तविक तो आकडा आजाराच्या टप्प्याचा नव्हताच. प्रतिमा पाहणारे तज्ज्ञ आपला संशय शून्य ते सहा अशा श्रेणीत नोंदवितात, आणि त्यातील ४ ए म्हणजे कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून अधिक, परंतु दहा टक्क्यांपर्यंतच. शंभर स्त्रियांना हाच शेरा मिळाला तर त्यांतील नव्वद किंवा त्याहून अधिक जणींची गाठ साधी निघते. संशय थोडा आहे, म्हणून तुकडा तपासावा, एवढाच त्याचा अर्थ. टक्केवारीवर धंदा करणाऱ्या घराने एक आकडा चुकीचा वाचला आणि एक रात्र उपाशी काढली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दूरध्वनी केला तेव्हा उलगडा झाला. वैद्यकीय अहवालातील कोणताही आकडा कोणत्या मापाचा आहे हे विचारल्याशिवाय वाचू नये, हा धडा त्या घराला तेव्हा मिळाला.

सुईची तपासणी झाली. जागा बधिर करून जाड पोकळ सुईने गाठीतून चार-पाच बारीक सुतासारखे तुकडे काढण्यात आले. प्रत्येक वेळी यंत्राचा टक् असा आवाज होई आणि वहिनी डोळे मिटून घेत. आठवड्याने अहवाल आला. कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत. तथापि, ही गाठ फायब्रोअ‍ॅडिनोमा नावाची साधी गाठ आहे की फायलोड्स नावाची तिचीच दूरची बहीण, हे त्या तुकड्यांवरून निश्चित सांगता येत नव्हते. गाठ वाढत आहे, आकार पावणेचार सेंटिमीटर झाला आहे, आणि वय तरुणपणाचे नाही; म्हणून ती संपूर्ण काढून तपासावी, असे शल्यचिकित्सकांनी सांगितले.

यजमान गोंधळले. तुकडा तपासला, त्यात वाईट काही नाही, मग चिरफाड कशासाठी? हा प्रश्न त्यांच्या जागी कुणालाही पडला असता. शल्यचिकित्सकांनी त्यांना त्यांच्याच धंद्याच्या भाषेत समजावून दिले. पोत्यात पोकळ सळई खुपसून धान्याचा नमुना काढतात. मूठभर धान्य स्वच्छ निघाले तर माल बहुधा चांगला असतो. परंतु पोते एका बाजूने फुगत चालले असेल, तर जाणता व्यापारी नमुन्यावर विसंबून राहत नाही, तो पोते ओतून पाहतो. फायलोड्सचे तसेच आहे. या गाठी बहुतांशी सौम्य असतात. पण काही थोड्या तशा नसतात, आणि सौम्य असलेलीही अर्धवट काढली तर त्याच जागी पुन्हा वाढू शकते. म्हणून ती भोवतालच्या निरोगी भागाच्या थोड्या कडेसह काढावी लागते. या गाठीला नाव दिले १८३८ साली योहान्स म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने. कापल्यावर आत पानांसारखी रचना दिसते म्हणून ग्रीक भाषेतील 'पान' या अर्थाचा शब्द त्याने घेतला. मात्र त्यासोबत 'सार्कोमा' हा भीतिदायक शब्दही जोडला. पुढे तो जोडशब्द वापरातून गेला, कारण बहुसंख्य गाठींना तो लागू पडत नव्हता. नावाने घाबरू नये आणि नावाने निश्चिंतही होऊ नये, हेच खरे.

सासूबाईंना निराळीच भीती होती. त्यांच्या तरुणपणी नात्यातील एका बाईला भूल देऊन आत नेले, आणि ती शुद्धीवर आली तेव्हा तिचा स्तन काढलेला होता. ही कथा घरात दबक्या आवाजात सांगितली जाई. तिला आधारही होता. एके काळी टेबलावरच तुकडा गोठवून तपासत आणि तो वाईट निघाला तर त्याच बैठकीत संपूर्ण स्तन काढून टाकीत. काय होणार हे स्त्रीला आधी ठाऊक नसे. आता निदान आधी होते, चर्चा आधी होते आणि संमतीही आधी घेतली जाते. संमतिपत्र समोर आले तेव्हा यजमानांनी सवयीने खिशातील पेन काढले. धनादेशापासून भाडेपट्ट्यापर्यंत घरातील प्रत्येक कागदावर त्यांचीच सही असे. शल्यचिकित्सक नम्रपणे म्हणाले, "साहेब, ही सही वहिनींची. त्यांनी वाचायची, त्यांनी विचारायचे आणि त्यांनीच करायची."

कायदाही हेच सांगतो. सज्ञान आणि निर्णयक्षम रुग्णाच्या ऐवजी नातलगाने दिलेली संमती पुरेशी नाही, आणि तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात स्पष्ट केले आहे. जीव वाचविण्यासाठी तातडीने काही करावे लागले तरच त्याला अपवाद. वहिनींनी तीन पाने सावकाश वाचली. "गाठीखेरीज दुसरे काही काढणार नाही ना?" असे विचारले. उत्तर मिळाल्यावर सही केली. लग्नानंतर स्वतःच्या निर्णयाखाली त्यांनी केलेली ती पहिलीच सही असावी.

शस्त्रक्रियेआधी एक गोष्ट त्यांनी स्वतःहून ठरविली. कोल्हापूरला दूरध्वनी करून त्यांनी होणाऱ्या विहिणींना सर्व सांगितले. यजमानांचा याला विरोध होता. अहवाल येऊ दे, मग बघू, असे त्यांचे म्हणणे होते. वहिनींचे म्हणणे असे पडले की अहवाल चांगला आला तर सांगायची गरज उरणार नाही आणि वाईट आला तर सांगायचे धैर्य उरणार नाही. म्हणून सांगायचे ते आताच. मालातील खोट सौद्याआधी सांगावी, हे आपल्या दुकानाचेच वळण आहे, असे त्या यजमानांना म्हणाल्या. त्यावर मुलगी उसळून म्हणाली, "आई, तू माल नाहीस, आणि ही खोटही नाही." त्या वाक्यावर घरात कुणाला उत्तर सुचले नाही. विहीणबाई पलीकडे क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख विचारली.

शस्त्रक्रिया सकाळी नऊची होती. भुलेआधी सहा तास अन्न वर्ज्य असते. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या वहिनींना हा नियम सांगताना भूलतज्ज्ञ हसून म्हणाले, "तुमचे तर आमच्याहून कडक दिसते." मात्र साधे पाणी भुलेआधी दोन तासांपर्यंत चालते, ते पहाटे जरूर घ्यावे, कोरडे राहून येऊ नये, असेही त्यांनी बजाविले. उपवास आणि शस्त्रक्रियेपूर्वीचे लंघन यांत हा भेद आहे. पहिल्यात कसोटी स्वतःची असते, दुसऱ्यात फक्त पोट रिकामे हवे असते. व्रताच्या उत्साहाने तहानलेले राहण्यात रुग्णाचा काही लाभ नाही.

अंगावरील धातू काढायला सांगितले तेव्हा वहिनी अडल्या. बांगड्या निघाल्या, जोडवी निघाली. मंगळसूत्रापाशी हात थांबला. परिचारिका काही बोलणार तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. त्यांनी स्वतःच्या हातांनी ते सुनेच्या गळ्यातून काढले, आपल्या पदराच्या टोकाला घट्ट बांधले आणि पदर कमरेला खोचला. "माझ्यापाशी आहे ते," एवढेच त्या म्हणाल्या.

पुढील पाऊण तासाचे वहिनींना काही आठवत नाही. त्यांना आठवते ते त्याआधीचे. खोलीत, शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी आणि टेबलावर, अशा तीन ठिकाणी त्यांना एकच विचारण्यात आले: नाव काय, कोणती शस्त्रक्रिया, कोणती बाजू? जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी जी पडताळणीसूची प्रसृत केली, तिच्यात हे प्रश्न येतात. चुकीच्या रुग्णावर किंवा चुकीच्या बाजूला शस्त्रक्रिया होऊ नये, हा त्यांचा हेतू. पहिल्या वेळी वहिनींनी नुसते बोट दाखविले. दुसऱ्या वेळी 'उजवीकडची गाठ' म्हणाल्या. तिसऱ्या वेळी, टेबलावर, त्यांनी स्पष्ट आवाजात सांगितले: "उजव्या स्तनातील गाठ काढायची आहे." जो शब्द त्यांनी सत्तेचाळीस वर्षांत मोठ्याने उच्चारला नव्हता, तो उच्चारल्यावर काहीच बिघडले नाही. डॉक्टरांनी 'बरोबर' म्हटले आणि कामाला सुरुवात केली.

दुपारी त्या शुद्धीवर आल्या. जखम ओढत होती, घसा कोरडा होता, उजवा हात उचलताना कळ येत होती. सायंकाळी ऊन असतानाच कोल्हापूरहून विहीणबाई मुगाचे कढण घेऊन आल्या. लग्नाचा विषय त्यांनी काढला नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी घरी आल्या. घट्ट आधार देणारे अंतर्वस्त्र रात्रंदिवस घालावे, जड उचलू नये, पण हात जखडूनही ठेवू नये, अशा सूचना होत्या. पंधरा दिवस धाकट्या जाऊबाईंनी स्वयंपाकघर सांभाळले.

नवव्या दिवशी अहवाल आला. गाठ फायलोड्स जातीची, सौम्य, कडा मोकळ्या, पुढे उपचाराची आवश्यकता नाही. मात्र दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावे. घरात पेढे वाटले गेले. त्या आनंदात यजमानांचे एक ज्येष्ठ आप्त म्हणाले, "बघा, उगाच एवढा गाजावाजा झाला. साधीच होती, गप्प राहिली असती तरी चालले असते."

हे वाक्य अनेक घरांत बोलले जाते, म्हणून ते तपासून पाहिले पाहिजे. कागदपत्रांशिवाय आणि तारणाशिवाय दिलेले कर्ज कधी कधी वेळेवर परत येते. पैसे परत आले म्हणून तो व्यवहार शहाणपणाचा ठरत नाही. तो नशिबाचा ठरतो. वहिनींची गाठ सौम्य निघाली, याचे श्रेय त्या पाच महिन्यांच्या मौनाला नाही. मौनाने जे दिले ते वेगळे: सुपारीची गाठ लिंबाएवढी झाली, चीर लांबली, जागी एक खळगा कायमचा राहिला आणि दीडशे रात्री एका बाईने एकटीने काढल्या. पहिल्या आठवड्यात दाखविले असते तरी गाठ हीच असती. खर्ची पडलेले बाकी सारे वाचले असते. आणि गाठ दुसऱ्या जातीची असती, तर त्याच पाच महिन्यांची किंमत कोणत्याही वहीत मावली नसती. स्तनाचा कर्करोग हा आज भारतातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. बहुतेक गाठी साध्या असतात हे जितके खरे, तितकेच हेही खरे की कोणती साधी आणि कोणती नाही, हे लाजेला आणि लेपाला ओळखता येत नाही.

ओळखण्याची सुरुवात मात्र फार साध्या साधनाने होऊ शकते. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईत १९९८ साली सुरू केलेल्या प्रदीर्घ अभ्यासात सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश होता. त्यांतील एका गटाची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा या गटातील रोग अधिक लवकरच्या टप्प्यात सापडल्याचे दिसले, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी आढळले. जाणत्या हाताची पाच मिनिटे इतके करू शकतात. अट एकच, स्त्रीने त्या हातापर्यंत पोहोचले पाहिजे. नवी गाठ, त्वचेवर पडलेली खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव, काखेतील गोळा, यांपैकी काहीही जाणवले तर हंगाम, सण आणि सोयरीक यांनी थांबावे. स्त्रीने थांबू नये.

गोदामातील मालाचा विमा दरवर्षी तारीख न चुकता भरणाऱ्या घरांनी माजघरातील या खात्याचीही तारीख ठरवून घ्यावी. त्या घराने ती ठरविली आहे. मुलीचे लग्न मार्गशीर्षात ठरल्याप्रमाणे पार पडले. वहिनींची सहा महिन्यांची तपासणी लग्नाच्या आठ दिवस आधी येत होती, तीही पुढे ढकलली गेली नाही. त्या दिवशी मिरजेला जाण्यासाठी त्या गाडीत बसल्या तेव्हा धाकट्या जाऊबाई बाहेर आल्या, क्षणभर दाराशी घुटमळल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, मीही येते. मलाही दाखवायचे आहे."

वहिनींनी काही न विचारता बाजूला सरकून त्यांना जागा करून दिली.